पोटातला दाब आणि सलाइनची पिशवी

आयसीयूच्या दारात उभ्या नातेवाइकांना डॉक्टर येऊन सांगतात, लघवी कमी झालीय. दोन तासांनी सांगतात, बीपी टिकत नाहीये, औषध वाढवलंय. रात्री सांगतात, ऑक्सिजन पुरत नाहीये, व्हेंटिलेटरला जास्त जोर लावावा लागतोय. आपण मनातल्या मनात हिशेब मांडतो. किडनी गेली, हृदय दमलं, आता फुप्फुसं. काही पेशंटच्या बाबतीत मात्र या तिन्ही बातम्या एकाच ठिकाणाहून येत असतात. ते ठिकाण म्हणजे पोट. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांपासून माहीत आहे, आणि तरीही ती पुन्हा पुन्हा विसरली गेली. आजची पोस्ट त्या विसरण्याबद्दल आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी थोडं समजून घेऊ. पोटाची पिशवी ताणली जाते, पण एका मर्यादेपर्यंतच. आत रक्तस्राव झाला, आतडी सुजली, स्वादुपिंडाला जोराची सूज आली, मोठं भाजलं, किंवा जीव वाचवायला लिटरच्या लिटर सलाइन दिलं आणि ते पाणी शरीरात मुरलं, की आतली जागा संपते. मग दाब चढतो. श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसांना फुगायला वाव राहत नाही. खालून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर दबते, म्हणून हृदयाकडे पुरेसं रक्तच पोचत नाही. किडनीच्या शिरा दबतात आणि लघवी आटते. बीपी ज्या मापात मोजतात त्याच मापात सांगायचं, तर गंभीर पेशंटच्या पोटातला दाब साधारण ५ ते ७ असतो. तो १२ च्या वर टिकून राहिला तर वाढलेला समजतात. २० च्या वर टिकला आणि सोबत एखादा अवयव नव्याने बिघडला, तर त्याला ‘अ‍ॅब्डॉमिनल कंपार्टमेंट सिंड्रोम’ म्हणतात. वेळीच उतरवला नाही तर माणूस जातो.

आता इतिहास. १८६३ साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी लिहून ठेवलं की श्वास घेताना छातीतला दाब आणि पोटातला दाब उलट दिशांनी चालतात. (हे तेच मारे, ज्यांनी पुढे बंदुकीसारख्या कॅमेऱ्याने उडत्या पक्ष्यांचे फोटो काढले. सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव येतं. पोटाच्या इतिहासातही येतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) १८७३ मध्ये जर्मनीत वेंट यांनी गुदाशयातून दाब मोजला आणि सरळ सांगितलं, पोटातला दाब जितका जास्त तितकी लघवी कमी. त्यानंतर दोनच वर्षांनी ओडेब्रेख्ट यांनी मूत्राशयातला दाब मोजून पाहिला. म्हणजे बघा, आज जगभर जिथून हा दाब मोजतात ती जागा १८७५ सालीच सापडलेली होती.

१९११ मध्ये अमेरिकेत हॅवन एमर्सन यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. तोवर समज असा होता की पोट फुगलेला माणूस श्वास कोंडून मरतो. एमर्सन यांनी दाखवलं की श्वास कोंडण्याच्या आधीच हृदय हार मानतं. पुढे हेच एमर्सन न्यूयॉर्क शहराचे आरोग्य आयुक्त झाले आणि १९१६ च्या पोलिओच्या साथीत त्यांची कसोटी लागली. पोटाचं संशोधन मात्र मागे पडलं. १९४७ मध्ये ब्रॅडली दांपत्याने माणसांमध्ये मोजमाप करून सिद्ध केलं की पोटावरचा दाब वाढला की किडनीतला रक्तप्रवाह आणि गाळणी दोन्ही घटतात. तेही कपाटात गेलं.

का गेलं? माझ्या मते याची दोन कारणं आहेत. पहिलं सोपं आहे. तेव्हा आयसीयूच नव्हतं. आजच्यासारखा अतिदक्षता विभाग १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीनंतर उभा राहिला. त्याआधी इतका गंभीर पेशंट दाब चढेपर्यंत जगतच नव्हता. दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. वेंट यांचं काम लघवीचं, एमर्सन यांचं हृदयाचं, ब्रॅडलींचं किडनीचं. प्रत्येकाने आपापल्या अवयवाच्या खिडकीतून पाहिलं. पोट कुणाच्याच खात्यात नव्हतं. आपल्याकडे दोन खात्यांच्या हद्दीवरचा रस्ता जसा कुणीच दुरुस्त करत नाही, तसं हे झालं.

ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसांना मात्र हे हाताला जाणवत होतं. १९४० मध्ये ब्रिटिश सर्जन हेनेज ऑगिल्वी यांनी युद्धातल्या पोटाच्या जखमांबद्दल लिहिताना सांगितलं की पोट मिटत नसेल तर ओढून शिवू नका, व्हॅसलीनमध्ये निर्जंतुक केलेलं जाड सुती कापड लावून ठेवा. १९४८ मध्ये बोस्टनचे रॉबर्ट ग्रॉस यांनी आतडी बाहेर घेऊन जन्मलेल्या बाळांबद्दल तेच बजावलं. सगळं एकदम आत कोंबाल तर बाळ दगावेल, टप्प्याटप्प्याने करा. १९५१ मध्ये आयर्लंडचे भूलतज्ज्ञ बॅगट यांनी तर सर्जन मंडळींना न रुचणारी गोष्ट मांडली. टाके फाटून उघडलेलं पोट पुन्हा घट्ट शिवल्यावर जे पेशंट मरतात, ते टाके फाटल्यामुळे मरत नाहीत. आपण फुगलेली आतडी दाबून आत ढकलतो, त्या दाबाने मरतात. भूलतज्ज्ञाचं सर्जनने ऐकायचं, ही अपेक्षा त्या काळी जरा जास्तच होती.

मग १९८४ उजाडलं.

त्या वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधून क्रॉन आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी काय केलं? पेशंटला लावलेल्या लघवीच्या नळीतूनच दाब मोजला. नवं मशीन नाही, नवं भोक नाही. ऑपरेशननंतर दाब चढून लघवी बंद पडलेल्या ११ पेशंटपैकी ७ जणांचं पोट पुन्हा उघडून दाब मोकळा केला. लघवी लगेच सुरू झाली. उरलेल्या ४ जणांचं पोट उघडलं नाही. त्यांची किडनी गेली आणि ते मरण पावले. एवढ्या लहान आकड्यांवर फार मोठं बोलू नये हे मान्य. पण त्या पानावर पहिल्यांदा एक साधी, पलंगाशेजारी करता येणारी पद्धत आणि तिच्यावरून घ्यायचा निर्णय, दोन्ही एकत्र आले. १८७५ ची जागा १०९ वर्षांनी कामाला लागली. आजाराला आजचं नाव मिळालं ते १९८९ मध्ये. २००४ मध्ये या विषयाची जागतिक संस्था उभी राहिली आणि २००६ मध्ये तिने व्याख्या ठरवल्या. वर दिलेले १२ आणि २० हे आकडे तिथलेच.

मधल्या काळात एक वेगळंच सत्य बाहेर आलं. जीव वाचवण्यासाठी दिलेलं सलाइनच कित्येकदा पोट फुगवत होतं. २००३ मध्ये ह्यूस्टनमधल्या डॉक्टरांनी अपघाती जखमींचे दोन गट तपासले. ज्यांना चढं लक्ष्य ठेवून भरपूर सलाइन दिलं होतं, त्यांच्यात हा आजार जवळपास दुप्पट निघाला. त्यात एक दुष्टचक्रही आहे. पोटातल्या दाबामुळे लघवी कमी होते, लघवी कमी दिसली म्हणून आणखी सलाइन, आणि सलाइनने दाब आणखी वर.

मोजायचं कसं, हे सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. पेशंटला उताणं सपाट झोपवायचं. लघवीच्या नळीतून मूत्राशयात जास्तीत जास्त २५ मिलिलिटर सलाइन सोडायचं. काखेच्या मध्यरेषेला शून्य धरायचं आणि श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. आर्टरी लाइनचा मॉनिटर असेल तर त्याला जोडायचं, नसेल तर नळीतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजूनही अंदाज येतो. नळी आयसीयूतल्या बहुतेक पेशंटना आधीच लावलेली असते. उरला तो सलाइनचा आणि नर्सच्या पाच मिनिटांचा खर्च. हाताने पोट दाबून कडक वाटतं का ते बघणं पुरत नाही. अनुभवी सर्जनचा हातसुद्धा जवळपास निम्मे वाढलेले दाब ओळखू शकत नाही, हे कॅनडात तपासून झालंय.

आणि दाब वाढला म्हणजे लगेच पोट फाडायचं, असंही नाही बरं का. आधी नाकातून नळी घालून जठर रिकामं करतात, साचलेलं पाणी सुईने काढतात, सलाइन आवरतात, पेशंटला शांत झोपवून पोटाचे स्नायू सैल करतात. उघडं पोट हा मोठा त्रास आहे, तो शेवटचा उपाय. पण आकडाच नसेल तर यातलं काहीच वेळेवर सुचत नाही. लाखाचं मशीन विकायला माणूस येतो. पंचवीस मिलिलिटर सलाइन विकायला कोण येणार? म्हणून ज्याचं माणूस आत आहे त्याने आवाज न चढवता एवढं विचारायला हरकत नाही, “डॉक्टर, पोटातला दाब मोजलाय का?” कदाचित उत्तर येईल की गरज नाही, आणि ते बरोबरही असेल.

१९८४ ची दुसरी गोष्ट राहिली. त्याच वर्षी कोलंबियात, बोगोटाच्या सान हुआन दे दिओस या सार्वजनिक रुग्णालयात ओस्वाल्दो बोर्राएस नावाच्या निवासी डॉक्टरपुढे असा एक पेशंट होता, ज्याचं पोट मिटतच नव्हतं. महागडी जाळी नव्हती. त्यांनी सलाइनची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी कापून उघडली, निर्जंतुक केली आणि जखमेच्या कडांना शिवून टाकली. आत आतडी दिसतात, चिकटत नाहीत, दाब मोकळा राहतो. ऑगिल्वींच्या सुती कापडाचीच ही गरीब बहीण. ह्यूस्टनचे सर्जन केनेथ मॅटॉक्स बोगोटाला आले तेव्हा त्यांनी ही युक्ती पाहिली आणि पुस्तकांत ती ‘बोगोटा बॅग’ झाली. आपल्याकडेही सर्जन मंडळी हाच शब्द वापरतात आणि हीच पिशवी शिवतात.

त्याच रुग्णालयाला जोडलेल्या प्रसूतिगृहात १९७८ मध्ये कांगारू केअर सुरू झालं होतं. पेट्या कमी पडत होत्या, म्हणून कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आपल्या नवजात शिशू कक्षांच्या भिंतींवर आज त्याचीच चित्रं लावलेली असतात. सान हुआन दे दिओस २००१ मध्ये पैशांअभावी बंद पडलं. पगार थकलेले काही कर्मचारी त्यानंतरही कित्येक वर्षं त्या रिकाम्या आवारातच राहत होते.