सदतीस अंशांची गोष्ट

यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले, १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. एवढा इतिहास नाशिककरांना पाठ असतो. मला कुतूहल आहे ते त्या सांगाड्यातल्या नळ्यांचं.

मिग-२१ मध्ये हायड्रॉलिक तेलाचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे २१० किलो. म्हणजे गाडीच्या टायरच्या शंभरेक पट! हा दाब जिथे अडतो तो सांधा दिसायला अगदी साधा. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं, ते फिटिंगच्या शंकूवर टेकवायचं आणि नटने आवळायचं. झालं. घरी एसी बसवणारा मेकॅनिक तांब्याच्या नळीला हेच करतो. त्याचा कोन ४५ अंशांचा. विमानातल्या नळ्यांचा धातू तांब्याहून कडक, जास्त फुलवला तर काठाला चिरतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आर्मी आणि नेव्हीने मिळून ३७ अंशांचं प्रमाण रूढ केलं. 'एएन फिटिंग' हे नाव त्यातूनच आलं. ४५चं तोंड ३७च्या शंकूवर बसवलं तर ते फक्त एका बारीक रेषेवर टेकतं, आणि गळतं.

घरी विमान बांधणारे आजही ब्रेकच्या नळ्यांना हाच सांधा करतात. आपल्याकडे अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१७ साली त्याची नोंदणीही झाली. अशा माणसाला शिकायचं असतं ते एवढंच: नळी काटकोनात कापा, आतली-बाहेरची कूस काढा, फुलवण्याआधी नट आणि स्लीव्ह चढवा, मग भिंगातून चिरा शोधा. गळलं तर आणखी आवळू नका. दाब उतरवा, सांधा उघडा, तोंड बघा. नाहीतर नळी आणखी पातळ होते, आणि आज न गळणारा सांधा हवेत फुटतो.

विमान कारखान्यात नळी फुलवणारा एक असतो आणि तपासून शिक्का मारणारा दुसरा. मला वाटतं, विश्वासार्हता आली ती या दुसऱ्या डोळ्यांमुळे, कोन त्यानंतर. गच्चीवरच्या माणसाजवळ नेमका तोच दुसरा माणूस नसतो. त्याने एखाद्या जाणत्याला चहाला बोलवावं, आणि कपाआधी नळी त्याच्या हातात द्यावी.