रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या का घटली? घरं आहेत, मग माणसं कुठे गेली?

गणपतीत रत्नागिरीतल्या कुठल्याही वाडीत जा, घरात पाय ठेवायला जागा नसते. विसर्जनानंतर आठ दिवसांनी तीच वाडी बघा. बऱ्याच दारांना कुलूप आणि उघड्या घरांत बहुतेक म्हातारी माणसं. जनगणनेत दिसते ती ही दुसरी वाडी.

आकडे काय सांगतात?

- २००१ : १६,९६,७७७
- २०११ : १६,१५,०६९

म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी झाली. याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. राज्यात घट झाली ती फक्त रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर या तीन जिल्ह्यांत.

२०११ मध्ये जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ महिला होत्या. याचा अर्थ इथे मुली जास्त जन्मतात असा नाही. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मुलींची संख्या कमीच आहे. कमावत्या वयाचे पुरुष बाहेर आहेत, म्हणून हा आकडा फुगतो.

हे कधीपासून सुरू आहे?

डोंगरउताराची जमीन, पावसावरचं भाताचं एकच पीक आणि खोतांचा वाटा. यात घर चालत नव्हतं. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढे गिरणगाव कोकणी माणसांनी भरलं. गडी मुंबईला, बायकामुलं गावी आणि महिन्याला मनीऑर्डर, अशी रीत पडली.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. तरी अनेक चाकरमानी गावी परतले नाहीत. ते विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीकडे सरकले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि येणं-जाणं सोपं झालं, पण गावात रोजगार आला नाही.

आता काय बदललंय?

पूर्वी एकटा पुरुष जायचा, आता अख्खं कुटुंब जातं. २००१ मध्ये हजार पुरुषांमागे ११३६ महिला होत्या. तो आकडा उतरला, तो याच बदलाशी जुळतो. दुसरीकडे, आंब्याच्या बागा राखायला आणि मच्छीमार बोटींवर नेपाळी कामगार दिसतात. म्हणजे गावात काम अजिबातच नाही, असंही नाही.

यामुळे फरक काय पडतो?

पटसंख्या घटली की वाडीतली शाळा धोक्यात येते. माणसं कमी झाली की राजकीय वजनही घटतं. २००८ च्या पुनर्रचनेत खेड आणि संगमेश्वर हे विधानसभा मतदारसंघ गेले, राजापूरचा लोकसभा मतदारसंघही संपला.

पुढच्या जनगणनेतली माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तेव्हा ना गणपती असतील, ना शिमगा. मुंबईत राहणारा चाकरमानी मुंबईतच मोजला जाईल. गावच्या नोंदीत उरेल ते कुलूपबंद घर.