बागेंतला लोहमार्ग

लहान आगगाडी पाहावयास लोक जमतात तेव्हां सर्वांचे डोळे इंजिनाकडे लागलेले असतात. रुळांकडे क्वचितच कोणी पाहतो. परंतु अशा गाडीचें जगणें-मरणें ठरतें तें रुळांवरच.

इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांत डफील्ड या गांवीं सर आर्थर हेवुड नांवाचे एक सरदार गृहस्थ राहत असत. यंत्रविद्येचें त्यांना लहानपणापासून वेड. धाकट्या भावंडांना बसतां यावें म्हणून त्यांनीं प्रथम ९ इंच रुंदीच्या मार्गाची गाडी केली. ती फार डळमळे. मग १८७४ पासून आपल्या घराच्या आवारांत त्यांनीं १५ इंचांचा लोहमार्ग घातला. खेळणें करावें हा त्यांचा हेतु नव्हता. मोठ्या जमीनदाऱ्या, खाणी व लष्कर यांना परवडेल असा लहानांत लहान लोहमार्ग कोणता, हें त्यांना सिद्ध करावयाचें होतें. ‘मिनिमम गेज रेल्वेज’ हें त्यांचें पुस्तक १८८१ सालीं निघालें तें याच विषयावर.

‘परवडेल’ या शब्दांतच खरी मेख आहे. मार्ग एकदां घालतां येतो. राखावा मात्र रोज लागतो. आपल्या मुंबई-पुणें मार्गाचे दोन रूळ साडेपांच फुटांवर, म्हणजे ६६ इंचांवर असतात. त्यांतला एक अर्धा इंच खचला तर १३२ इंचांस एक इंच इतका कल होतो. माथेरानच्या दोन फुटी मार्गावर तोच कल ४८ इंचांस एक, आणि हेवुडांच्या मार्गावर ३० इंचांस एक. मार्ग जितका अरुंद तितकी चूक महाग.

ही चूक बहुधा सांध्यापाशीं उद्भवते. उन्हानें रूळ वाढतो म्हणून तेथें फट ठेवावी लागते. चाक त्या फटीवर आदळतें, खालचा स्लीपर दबतो, खडींत पोकळी पडते, तींत पाणी सांचतें, आणि प्रत्येक गाडीसरशीं चिखल वर येऊं लागतो. बागेंत आणखीहि शत्रु असतात. पाचोळ्यानें चर बुजतात, झाडांचीं मुळें रूळ उचलतात, थंडींत जमिनींतलें पाणी गोठून जमीन फुगते. उपाय साधा, पण कष्टाचा. पाण्याला वाट करून द्यावयाची, पहारीनें रूळ उचलावयाचा, स्लीपरखालीं स्वच्छ खडी ठोकून भरावयाची, आणि माप व पाणसळ लावून सर्व पुन्हां पाहावयाचें.

हेवुडांनीं हा भार दोन बाजूंनीं हलका करूं पाहिला. वळणावर चाकें रुळाला घासूं नयेत म्हणून इंजिनाचे आंस वळणाप्रमाणें फिरतील अशी योजना त्यांनीं केली. १८९४ च्या ‘म्युरिएल’ इंजिनाचीं आठहि चाकें एकमेकांस जोडलेलीं होतीं, तरी अवघ्या २५ फूट त्रिज्येचें वळण तें घेई. दुसरें, लांकडी स्लीपर मातींत कुजतात म्हणून त्यांनीं ओतीव लोखंडाचे स्लीपर पसंत केले. १८९६ सालीं ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या ईटन हॉल या वाड्यासाठीं त्यांनीं सुमारें ३ मैलांचा मार्ग घातला तो अशाच स्लीपरांवर. कोळसा, लांकूड आणि विटा वाहत तो जवळजवळ पन्नास वर्षें चालला.

१९१६ सालीं हेवुड वारले. घरचा मार्ग धन्यामागें राहिला नाहीं. सामान विकलें गेलें, रूळ उखडले गेले. ‘म्युरिएल’ मात्र रॅव्हनग्लास येथील १५ इंची मार्गावर गेलें. १९२७ मध्यें त्याच्या सांगाड्यावर नवा बाष्पक चढला, ‘रिव्हर अर्ट’ असें नवें नांव मिळालें, आणि तें आजहि धांवतें. प्रवासी त्याचें कौतुक करतात तें योग्यच आहे. परंतु त्या कौतुकाचा अर्धा वांटा पहार घेऊन सांधे तपासणाऱ्या मनुष्याचा आहे. त्याचें काम चोख झालें म्हणजे कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.