बायकांचे कपडे आणि चीनची वाट



एखादा अधिकारी काम करत नसेल, तर मोर्चा काढून त्याच्या टेबलावर बांगड्या ठेवतात. कुणी साडीचोळीचा आहेर करतं. फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतात. ही रीत किती जुनी असेल? निदान तेराशे वर्षं जुनी, आणि तिची नोंद एका चिनी प्रवाशाने करून ठेवली आहे.

त्याचं नाव ह्युएन त्संग. बौद्ध भिक्षू. सातव्या शतकात वाळवंट आणि डोंगर ओलांडून तो भारतात आला. बरीच वर्षं इथे हिंडला आणि इसवी सन ६४५ मध्ये माघारी पोचला. मग त्याने प्रवासाचं वर्णन लिहिलं. त्यात आपला महाराष्ट्रही आहे. तेव्हा इथे चालुक्यांचा राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता.

ह्युएन त्संग सांगतो, इथली जमीन सुपीक, हवा उष्ण, माणसं साधी आणि सरळ. उपकार विसरत नाहीत, पण अपमान केला तर जिवावर उदार होतात. अडल्यानडल्याच्या मदतीला स्वतःचं भान विसरून धावतात. सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला कळवतात. आणि पुढे म्हणतो, सेनापती लढाई हरला तर त्याला शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे देतात. त्या लाजेने तो स्वतःच मरण पत्करतो.

बघा, बाईचं वस्त्र म्हणजे मरणाहून मोठी शिक्षा! ह्युएन त्संगने जे पाहिलं-ऐकलं ते लिहिलं. पण ते कपडे रोज नेसून शेतात राबणाऱ्या बाईला काय वाटत होतं, हे त्याच्या वहीत आलं नाही. तिला कुणी विचारलंच नसावं. त्याच वर्णनात डोंगरात कोरलेल्या एका विहाराची हकिगत आहे. अभ्यासक म्हणतात, ती अजिंठ्याची असावी. त्या विहाराच्या मुळाशी आईचे पांग फेडणाऱ्या एका भिक्षूची कथा तो सांगतो. म्हणजे त्याच पानांत बाई आई म्हणून पूज्य, आणि तिचे कपडे मात्र शिक्षेचे.

आता उलटी वाट बघू. इथून चीनला गेले आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. जपानने चीनवर हल्ला केला होता. १९३८ मध्ये काँग्रेसने जखमींच्या सेवेसाठी पाच डॉक्टर पाठवले. त्यांत कोटणीस होते, नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. वडील वारल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच कळली, तरी ते परत आले नाहीत. चिनी भाषा शिकले, लष्करी दवाखान्याचे प्रमुख झाले. तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी १९४१ मध्ये त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचंही नव्हतं, तेव्हा ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले. वय अवघं ३२.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. चिनी पत्नीचं काम जयश्रीबाईंनी केलं. आपल्या कितीतरी लोकांनी चिनी बाई पहिल्यांदा पाहिली ती अशी, पडद्यावर, आपल्याच एका नटीच्या रूपात.

खरी छिंगलान त्या वेळी लहान लेकराला घेऊन युद्धातून वाट काढत होती. पुढे तो मुलगा डॉक्टरकीचं शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला. तरी तिने सासरचं नातं तोडलं नाही. ती अनेकदा भारतात आली, नणंदांना भेटली. म्हातारपणी तिने कोटणीसांसोबतच्या आयुष्याच्या आठवणी स्वतः सांगितल्या, त्यांचं पुस्तक झालं. २०१२ मध्ये ती गेली. पण पुस्तक मागे राहिलं. सिनेमात दुसरे तिच्याबद्दल बोलले, पुस्तकात ती स्वतः बोलली.

मराठी बाईही मग चीन बघून आली. डॉक्टर मीना प्रभू यांनी तिथे हिंडून ‘चिनी माती’ हे पुस्तक लिहिलं. मराठी बाईने चीन आपल्या डोळ्यांनी पाहिला आणि आपल्या शब्दांत सांगितला.

मैत्रिणींनो, आपण चीनला जाऊ न जाऊ. पण सेलू, पाथरी, जिंतूर, गंगाखेडच्या गावागावांत आपल्या बचत गटांच्या वह्या आहेत. त्यांत हप्ता, व्याज आणि सह्या असतात. पुढच्या बैठकीत त्याच वहीची शेवटची चार पानं मोकळी ठेवा. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, माहेर कोणतं, दुष्काळात कुठे कामाला गेलीस, पहिल्यांदा एसटीत कधी बसलीस. ती सांगेल तसंच लिहा. मोबाइलवर तिचा फोटो काढला, तर त्याची एक प्रत काढून मागे नाव, गाव आणि तारीख टाका.

आणि पुढच्या मोर्चात कुणी बांगड्या काढल्या, तर त्याला एवढंच विचारा, की बाबा, या बांगड्या भरलेल्या हातांनी गटाचं कर्ज फेडलं, लेकरं शिकवली, मग त्यात लाज कसली?