हिरवळीखालचा शत्रु



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज मी जो इतिहास सांगणार आहें त्याचा नायक जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा भुंगेरा आहे. तथापि त्याच्या बंदोबस्तासाठीं एका बलाढ्य राष्ट्राच्या सरकारनें शास्त्रज्ञ परदेशीं धाडले, नाकेबंदी केली, विमानें उडविलीं. आणि एवढें करूनहि तो किडा शंभराहून अधिक वर्षें त्या देशांत ठाण मांडून बसला आहे. हा इतिहास ऐकण्याजोगा आहे, तो किड्याच्या पराक्रमासाठीं नव्हे. त्याला मारण्यासाठीं माणसानें जे उपाय योजले, त्यांपैकीं कांहीं किड्याहूनहि घातक कसे ठरले, हें त्यांतून कळतें.

ह्या भुंगेऱ्याचें शास्त्रीय नांव पॉपिलिया जॅपोनिका. व्यवहारांत त्याला जपानी भुंगेरा म्हणतात. डोकें आणि पाठीचा पुढचा भाग धातूसारखा चकचकीत हिरवा, पंखांवरचीं झांकणें तांब्याच्या रंगाचीं, आणि पोटाच्या कडेनें पांढऱ्या केसांचे बारीक झुबके. दिसावयास तो एखाद्या दागिन्यासारखा सुंदर आहे. त्याचें मूळ घर जपान. परंतु तेथें मोठा उपद्रवी प्राणी म्हणून त्याची फारशी ख्याति नव्हती. त्याच्यावर उपजीविका करणारे त्याचे नैसर्गिक शत्रु त्या देशांत आहेत, आणि त्याच्या अळ्यांना मानवणारीं विस्तीर्ण गवताळ मैदानें तेथें थोडीं आहेत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो प्रथम सांपडला १९१६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत. न्यू जर्सी संस्थानांत, डेलावेअर नदीच्या कांठीं, फिलाडेल्फिया शहराजवळ रिव्हर्टन नांवाचें एक गांव आहे. तेथील एका रोपवाटिकेची तपासणी करीत असतां सरकारी निरीक्षकांना डझनभर अनोळखी भुंगेरे आढळले. मागाहून तर्क करण्यांत आला तो असा कीं, १९१२ च्या पूर्वीं जपानहून आयरिस नांवाच्या फुलझाडाचे जे कंद आले, त्यांच्या मुळांना चिकटलेल्या मातींतून ह्या किड्याच्या अळ्या आल्या असाव्यात. परदेशी रोपांच्या आयातीवर देखरेख ठेवणारा कायदा अमेरिकेंत १९१२ सालीं झाला. आणि रोपांबरोबर माती आणण्यास मनाई करणारा कडक नियम १९१९ सालीं अमलांत आला. दाराला कडी लागली खरी. परंतु पाहुणा आधींच घरांत शिरला होता.

ह्या पाहुण्याचा जीवनक्रम आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व कथेची किल्ली त्यांत आहे. न्यू जर्सीच्या बाजूला जून हा उन्हाळ्याचा आरंभ. त्या महिन्याच्या उत्तरार्धांत भुंगेरे जमिनींतून वर येऊं लागतात आणि तीस ते पंचेचाळीस दिवस जगतात. ऊन त्यांना प्रिय. झाडाच्या शेंड्यावर ते प्रथम बसतात आणि खात खात खालीं उतरतात. पानाच्या शिरा तेवढ्या सोडून मधला गर ते फस्त करतात; त्यामुळें पानाची नुसती जाळी उरते. गुलाब, द्राक्षवेल, सफरचंद, चेरी, लिंडन वृक्ष, घेवडा, मका अशा सुमारें तीनशें जातींच्या वनस्पति त्यांच्या भक्ष्यस्थानीं पडतात. मक्याच्या कणसाचे कोवळे केस त्यांनीं कुरतडले, म्हणजे कणसांत दाणा नीट भरत नाहीं. शिवाय हा प्राणी एकटा जेवीत नाहीं. कुरतडलेल्या पानांतून जो वास सुटतो, त्याच्या मागावर इतर भुंगेरे त्याच झाडावर जमा होतात.

ही झाली वरची लूट. खालची लूट ह्याहून गुप्त असते. मादी झाडावरून उतरून गवतांत शिरते, जमिनींत दोन-तीन इंच खोल कांहीं अंडीं घालते, पुन्हा झाडावर जाऊन खाते आणि पुन्हा खालीं येते. अशा रीतीनें आपल्या अल्प आयुष्यांत ती चाळीस ते साठ अंडीं घालते. ह्या अंड्यांना ओलावा लागतो. माती अगदीं कोरडी असली तर तीं सुकून मरतात. सुमारें दोन आठवड्यांनीं त्यांतून अळ्या निघतात आणि गवताचीं मुळें खाऊं लागतात. आपल्याकडील शेतकरी जिला हुमणी म्हणतो, तिच्याच कुळांतील ही अळी: पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धचंद्रासारखी वळलेली. थंडी पडूं लागली कीं ती खोल जाते, वसंत ऋतूंत वर येऊन पुन्हा मुळें खाते, पुढें कोशावस्थेंत जाते, आणि जूनमध्यें भुंगेरा होऊन बाहेर पडते. म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांपैकीं दहा महिने हा शत्रु जमिनीच्या पोटांत असतो. घरमालकाला त्याचा पत्ता लागतो तो हिरवळीवर तपकिरी ठिगळें दिसूं लागल्यावर. मुळें तुटलेलीं असल्यामुळें ते गवत सतरंजीप्रमाणें हातानें गुंडाळतां येतें!

आतां अमेरिकेंतच त्याचा एवढा उत्कर्ष कां झाला, हें सहज ध्यानांत येईल. तेथील नव्या उपनगरांत प्रत्येक घरापुढें हिरवळ राखण्याची चाल पडली होती. गोल्फचीं मैदानें, सार्वजनिक बागा, दफनभूमि हींहि गवतानें आच्छादलेलीं. ऐन उन्हाळ्यांत, म्हणजे मादी अंडीं घालीत असतां, लोक ह्या हिरवळींना पाणी घालीत. अळीसाठीं खालीं ओलें गवत आणि भुंगेऱ्यासाठीं वर गुलाब व फळझाडें, असें दोन्ही अवस्थांचें ताट माणसानें स्वहस्तें वाढून ठेवलें; आणि त्याचे जपानांतील शत्रु मात्र जपानांतच राहिले.

पहिले उपाय प्रसंगाला साजेसे होते. बाधित प्रदेशांतून रोपें व माल बाहेर नेण्यावर निर्बंध आले. हातांनीं भुंगेरे वेचण्यांत आले. हिरवळींवर शिसें व सोमल ह्यांपासून बनविलेलें लेड आर्सेनेट नांवाचें विष घालण्यांत आलें. परंतु भुंगेऱ्याला पंख होते आणि गाड्यांना चाकें होतीं. दरवर्षीं त्याची सरहद्द पुढें सरकत राहिली.

तेव्हां सरकारी कीटकशास्त्रज्ञांनीं एक विचार केला. ज्या घरीं हा किडा मर्यादेंत राहतो, त्या घरीं त्याला कोण आवरतो? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं क्लॉसेन व किंग हे शास्त्रज्ञ १९२० नंतरच्या दशकांत जपान आणि कोरिया येथें काम करीत होते. त्यांनीं शोधलेल्या शत्रूंपैकीं टिफिया नांवाची गांधीलमाशी मोठी चतुर आहे. ती मातींत शिरून अळीला शोधते, दंश करून तिला काहीं काळ बधिर करते, आणि तिच्या अंगावर आपलें एक अंडें चिकटवून निघून जाते. त्या अंड्यांतून निघालेलें पिल्लू अळीला खाऊनच वाढतें. अमेरिकेंत आणून सोडलेल्या अनेक जातींपैकीं थोड्याच तेथें रुजल्या. पण ज्या रुजल्या त्या आजहि विनावेतन काम करीत आहेत.

दुसरा साहाय्यक घरींच मिळाला. १९३३ सालीं न्यू जर्सींत कांहीं अळ्या नेहमींहून निराळ्या दिसल्या. निरोगी अळीचें रक्त पाण्यासारखें स्वच्छ असतें; ह्यांचें रक्त दुधासारखें पांढरें झालें होतें. तो एका जंतूचा रोग होता. रोगी अळी मेली कीं तिच्या शरीरांतील कोट्यवधि बीजाणु मातींत मिसळतात, आणि तेथें वर्षानुवर्षें टिकून नव्या अळ्यांना रोग देतात. माणूस, पशु, पक्षी, गांडूळ, झाड ह्यांपैकीं कोणालाहि त्यापासून बाधा होत नाहीं. रोगी अळ्या दळून, ती पूड खडूच्या भुकटींत मिसळून हिरवळीवर टाकण्याची युक्ति निघाली. १९३९ ते १९५३ ह्या काळांत पूर्वेकडील चौदा संस्थानांत सरकारी खर्चानें ही पूड टाकण्यांत आली आणि पुष्कळ ठिकाणीं अळ्यांची संख्या घटली. पुढें इतरत्र झालेल्या प्रयोगांत तिला सर्वत्र सारखें यश आलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु दिशा योग्य होती.

ह्या उपायाला एक मोठें न्यून होतें, तें म्हणजे त्याला वेळ लागे. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर माणसाच्या हातीं असें सामर्थ्य आलें कीं वाट पाहणें त्याला कमीपणाचें वाटूं लागलें. डीडीटी व तिच्या मागून आलेलीं नवीं रासायनिक विषें स्वस्त होतीं, तडकाफडकी मारणारीं होतीं आणि विमानांतून फवारतां येत होतीं. इलिनॉय संस्थानाच्या पूर्व सरहद्दीवर शेल्डन नांवाचें एक लहान गांव आहे. भुंगेरा तेथें पोंचला, तेव्हां मध्यवर्ती सरकार व संस्थान ह्यांच्या शेतकीखात्यांनीं त्याचें समूळ उच्चाटन करण्याचें ठरविलें. १९५४ सालीं विमानांतून १,४०० एकरांवर डिल्ड्रिन नांवाचें विष एकरीं सुमारें ३ पौंड ह्या प्रमाणानें टाकण्यांत आलें. पुढील वर्षीं आणखी २,६०० एकर झाले. आणि १९६१ अखेर हा आंकडा सुमारें १,३१,००० एकरांवर गेला.

परिणाम काय झाला, तो त्याच संस्थानांतील प्राणिशास्त्रज्ञांनीं टिपून ठेवला आहे. विषानें अळ्या व गांडुळें जमिनीवर येऊन मेलीं. तीं रॉबिन पक्ष्यांनीं खाल्लीं आणि रॉबिन जवळजवळ नाहींसे झाले. स्टार्लिंग, फेझंट आदिकरून पक्ष्यांची तीच गत झाली. जमिनींत बिळें करून राहणाऱ्या खारी मेल्या. शेतांवरील शेंकडा नव्वद मांजरें पहिल्याच हंगामांत बळी पडलीं. कांहीं मेंढ्याहि दगावल्या. आणि भुंगेरा? तो पश्चिमेकडे सरकतच राहिला. जे पक्षी त्याला खात, त्यांचाच संहार झाला होता. रेचल कार्सन ह्या विदुषीनें १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'सायलेंट स्प्रिंग' ह्या ग्रंथांत शेल्डनची ही हकीकत सांगितली, तेव्हां सामान्य घरांतील लोकांनाहि प्रश्न पडला कीं, किडा मारण्याची किंमत कोण देतो? १९७२ सालीं अमेरिकेंत डीडीटीच्या शेतकी वापरास बंदी झाली, १९७४ सालीं वाळवीवरील वापर वगळून डिल्ड्रिनवर बंदी आली, आणि हिरवळींवर व फळबागांत पूर्वीं घातलें जाणारें लेड आर्सेनेट १९८८ सालीं हद्दपार झालें. परंतु शिसें आणि सोमल कायद्यानें मातींतून निघत नाहींत; जेथें जेथें तें विष घातलें गेलें, अशा कित्येक जुन्या जमिनींत त्यांचा अंश अजून सांपडतो.

मध्यंतरीं एक सौम्य उपायहि फसला, त्याची गोष्ट मनोरंजक आहे. फुलांच्या वासाचें व मादीच्या वासाचें आमिष लावलेले सांपळे बाजारांत आले. ते भुंगेऱ्यांनीं भरून जात, म्हणून घरमालक संतुष्ट होत. परंतु १९८५ सालीं केंटकी येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, हे सांपळे जेवढे भुंगेरे पकडतात त्याहून अधिक भुंगेरे दुरून बोलावून आणतात आणि सांपळ्याजवळचीं झाडें अधिकच खाल्लीं जातात! भरलेला सांपळा हा रिकाम्या बागेचा पुरावा नव्हे.

इकडे भुंगेऱ्याचा प्रवास थांबला नाहीं. १९७० नंतर तो अटलांटिक महासागरांतील अझोर्स बेटांवर दिसला. तेथें अमेरिकन विमानतळ होता. २०१४ सालीं इटलींत, मिलान शहराच्या पश्चिमेस टिसिनो नदीच्या खोऱ्यांत तो सांपडला आणि २०१७ सालीं स्वित्झर्लंडमध्यें पोंचला. ज्या माणसानें त्याला मातींतून जहाजानें नेलें, त्यानेंच पुढें विमानांतून नेलें.

आज तेथील जाणते लोक घरच्या बागेसाठीं काय सांगतात? भुंगेरे थोडे असतांनाच, सकाळच्या गारव्यांत ते सुस्त असतात तेव्हां, फांदी हलवून त्यांना साबणाच्या पाण्यांत पाडा. ते अंडीं घालतात त्या दिवसांत हिरवळीला पाणी कमी द्या आणि गवत थोडें उंच राखा. उन्हाळ्याच्या अखेरीस, अळ्या कोवळ्या असतांना, त्यांना मारणारे सूक्ष्म कृमि ओल्या मातींत सोडा. विष लागलेंच तर जेथें अळ्या मोजून पाहिल्या तेथेंच, आणि बेतानें. ह्यांत चमत्कार कोणताहि नाहीं. प्रत्येक उपाय किड्याच्या जीवनक्रमांतील एखाद्या दुबळ्या क्षणावर बेतलेला आहे.

आपल्या महाराष्ट्रांतील हुमणीलाहि असेच दुबळे क्षण आहेत. वळवाचा पाऊस पडून गेला कीं तिचे भुंगेरे सायंकाळीं जमिनींतून निघून कडुलिंब आणि बाभूळ ह्या झाडांवर जमतात. त्याच रात्रींत सारें गांव मिळून फांद्या हलवून ते वेचतें आणि रॉकेलमिश्रित पाण्यांत टाकतें, त्या गांवीं ऊंस व भुईमूग ह्यांच्या मुळाशीं पुढें कमी अळ्या निघतात. हें काम एकट्या शेतकऱ्यानें करून भागत नाहीं, कारण शेजाऱ्याच्या निंबावरचा भुंगेरा बांध ओळखत नाहीं. मे महिन्याच्या अखेरीस आपल्या अंगणांत दिव्याभोंवतीं तपकिरी भुंगेरे घिरट्या घालूं लागले, तर विषाच्या दुकानाकडे धांव घेण्यापूर्वीं ते कोणत्या झाडावर बसतात, कोठें उतरतात आणि केव्हां अंडीं घालतात एवढें आपण पाहून घ्यावें. रिव्हर्टन ते शेल्डन हा अडतीस वर्षांचा प्रवास त्या देशाला फार महाग पडला. आपल्याला तो धडा फुकट मिळाला आहे.