सुई, संसर्ग आणि रुग्णालय : एडिंबरा शहराचा अनुभव

प्रस्तावना

मादक द्रव्ये सुईने शिरेत टोचून घेणाऱ्या व्यक्तींना होणारे अनेक गंभीर आजार हे त्या द्रव्यापेक्षा अस्वच्छ अथवा एकमेकांत वापरलेल्या सुईमुळे होतात. टोचलेल्या जागी गळू होणे, रक्तात जंतू शिरून हृदयाच्या झडपांना संसर्ग होणे, ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ आणि एच.आय.व्ही. हे त्यांपैकी प्रमुख होत. झडपांच्या संसर्गावर सामान्यतः चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. हेरॉईनची सवय जडलेल्या रुग्णास मात्र ते बंद होताच काही तासांतच असह्य त्रास सुरू होतो आणि उपचार अर्धवट टाकून तो निघून जातो. त्यामुळे औषध उपलब्ध असणे आणि रुग्ण बरा होणे यांत मोठे अंतर पडते. हे अंतर कमी करण्याचा जो प्रयत्न स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात १९८० च्या दशकात झाला, त्याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

एडिंबरा येथील सिटी हॉस्पिटल हे साथीच्या रोगांसाठी बांधलेले रुग्णालय १९०३ मध्ये सुरू झाले. घटसर्प, स्कार्लेट ताप अशा रोगांच्या रुग्णांना समाजापासून वेगळे ठेवून त्यांची शुश्रूषा करणे हे त्याचे मूळ कार्य होते. लसीकरण व प्रतिजैविके यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रोगांचा जोर ओसरला. याच शहरातील म्यूरहाऊससारख्या बेकारीने ग्रासलेल्या वस्त्यांत १९८० नंतर स्वस्त हेरॉईन मोठ्या प्रमाणावर येऊ लागले.

प्रशासनाने या प्रश्नाकडे प्रामुख्याने गुन्ह्याच्या दृष्टीने पाहिले. पोलीस झडतीत सुया व सिरिंज जप्त करीत आणि दुकानांतून त्या मिळणे दुरापास्त झाले. हेरॉईनऐवजी तोंडाने घ्यावयाचे मेथाडोन दीर्घकाळ देण्याची पद्धतही शहरात जवळजवळ नव्हती. हेरॉईनचा वापर थांबला नाही. सुया मात्र दुर्मिळ झाल्या. परिणामी एकच सुई अनेकांच्या हाती फिरू लागली.

रक्तनमुन्यांची साक्ष

म्यूरहाऊस येथील सामान्य चिकित्सक डॉ. रॉय रॉबर्टसन व त्यांचे सहकारी आपल्या हेरॉईन घेणाऱ्या रुग्णांचे रक्तनमुने ‘ब’ काविळीच्या तपासणीसाठी घेत असत. साठवून ठेवलेल्या या नमुन्यांची पुढे एच.आय.व्ही.साठी तपासणी झाली आणि १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६४ व्यक्तींपैकी ५१ टक्के बाधित आढळल्या. विषाणूचा शिरकाव १९८३ च्या सुमारास झाला असावा, असेही त्यातून दिसले. जवळच्या ग्लासगो शहरात हेरॉईनचा प्रसार मोठा असूनही संसर्गाचे प्रमाण पुष्कळ कमी होते. केवळ व्यसन हे या साथीचे पुरेसे कारण नव्हते, ही बाब या तुलनेने स्पष्ट झाली.

धोरणातील परिवर्तन

सिटी हॉस्पिटलमध्ये १९८५ मध्ये डॉ. रे ब्रेटल यांच्या पुढाकाराने एच.आय.व्ही. तपासणी व समुपदेशनाचा दवाखाना सुरू झाला. तेथे येणारे बहुसंख्य रुग्ण तरुण होते आणि त्यांचे व्यसन सुटलेले नव्हते. आधी व्यसन सोडा, मग उपचार घ्या, ही अट घातली असती तर यांतील बरेच जण परत आले नसते. म्हणून संसर्गावरील उपचार आणि मेथाडोन यांची सांगड घालण्यात आली. मेथाडोनमुळे रुग्णाची तगमग शमते, तो पुन्हा भेटीस येतो आणि सुई टोचण्याची गरजही घटते, हा त्यामागील विचार होता.

रक्तसंक्रमण सेवेचे डॉ. मॅक्लेलँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८६ मध्ये स्वच्छ सुया पुरविण्याची आणि पर्यायी औषधे देण्याची शिफारस केली. १९८७ मध्ये लीथ येथे सुयांच्या अदलाबदलीचे केंद्र निघाले. १९८८ मध्ये डॉ. ज्यूडी ग्रीनवुड यांच्या नेतृत्वाखाली सामान्य चिकित्सकांच्या सहकार्याने मेथाडोन देणारी सामुदायिक सेवा आकारास आली. १९९१ मध्ये सिटी हॉस्पिटलच्याच आवारात एड्सच्या रुग्णांसाठी ‘माइलस्टोन हाऊस’ हे शुश्रूषागृह उभे राहिले. त्या वेळी रोग बरा करणारे औषध नव्हते. प्रभावी संयुक्त उपचारपद्धती १९९६ च्या सुमारास आली. तोपर्यंत अनेक रुग्ण दगावले, तथापि सुईवाटे होणाऱ्या नव्या संसर्गांचे प्रमाण घटले होते. १९९९ मध्ये सिटी हॉस्पिटल बंद झाले व त्याचा संसर्गरोग विभाग वेस्टर्न जनरल रुग्णालयात गेला.

निष्कर्ष

हा इतिहास भारतीय अभ्यासकांना परका नाही. मणिपूरमध्ये १९८९-९० च्या सुमारास सुईने हेरॉईन घेणाऱ्यांत एच.आय.व्ही. अशाच वेगाने पसरला होता. भारतात एच.आय.व्ही. व एड्सविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संसर्गाचा धोका कमी करणाऱ्या उपाययोजनांना त्याने गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवले आणि एच.आय.व्ही.बाधितांना आरोग्यसेवा नाकारण्यास मनाई केली. परंतु एच.आय.व्ही. नसलेला, केवळ हातावरील गळू घेऊन आलेला व्यसनी रुग्ण या मनाईच्या कक्षेत येत नाही. त्याचे स्वागत कसे होते, हे बव्हंशी बाह्यरुग्ण विभागातील वागणुकीवरच अवलंबून राहते.

सिटी हॉस्पिटलचा जन्म रोग्यास समाजापासून दूर ठेवण्यासाठी झाला होता. त्याच संस्थेला आठ दशकांनंतर, समाजाने दूर लोटलेल्या रोग्याने पुन्हा दवाखान्यात यावे म्हणून आपली रीत बदलावी लागली. व्यसनमुक्ती ही उपचाराची पूर्वअट न ठेवता उपचारातून साध्य होऊ शकणारी गोष्ट मानली गेली, हे या परिवर्तनाचे सार होय. शहराला हे शहाणपण साथ पसरल्यानंतर आले. त्याची किंमत मात्र ज्यांच्या हातून सुई काढून घेतली गेली, परंतु ज्यांना दुसरे काहीच दिले गेले नाही, त्या तरुणांनी मोजली.