मारुतीचे बळ आणि त्याच्या मर्यादा

महाराष्ट्रात गाव तेथे मारुती अशी जुनी रीत असून, रायगड जिल्ह्यातील पेण-रोह्याकडचा प्रदेशही तिला अपवाद नाही. मात्र वेशीवर उभा असलेला हा देव सर्व रामकथांत एकाच बळाचा नाही, आणि त्याच्या बळाला कोणी कोठे आळा घातला, हा कथनकलेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा विषय आहे.

वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान शंभर योजने सागर ओलांडतो, सुरसेपुढे आधी वाढतो व मग अंगठ्याएवढा होतो. तरीही त्याचे खरे वैशिष्ट्य विवेक हे आहे. इंद्रजिताने टाकलेले ब्रह्मास्त्राचे बंधन राक्षसांनी दोर आवळताच गळून पडते, कारण ते अस्त्र दुसरे बंधन सहन करीत नाही. पण रावणाला भेटायचे असल्याने हनुमान बांधल्यासारखाच राहतो. येथे बळाला आवर घालणारा तो स्वतःच आहे.

पुढे एक प्रश्न उरलाच: एवढा समर्थ वीर सुग्रीवाजवळ असताना वालीचे त्याच्यापुढे काय चालले असते? उत्तरकांडात, जे अनेक अभ्यासक नंतरची भर मानतात, हाच प्रश्न राम अगस्त्यांना विचारतो, आणि उत्तर म्हणून शापाची कथा येते: बालपणी आश्रमांत उच्छाद मांडल्याने ऋषींनी त्याला शाप दिला की कोणी आठवण करून देईपर्यंत त्याला स्वतःचे बळ उमगणार नाही. किष्किंधाकांडात जांबवानाने त्याला केलेले उद्बोधन त्यामुळे मागाहून नव्या अर्थाने उजळते. अमेरिकेतील सुपरमॅनच्या बाबतीतही असेच घडले. १९३८ साली तो केवळ लांब उड्या मारीत असे, उडणे पुढे आले, आणि त्याला निर्बल करणारा क्रिप्टोनाइट हा पदार्थ १९४३ मध्ये चित्रकथेतून नव्हे, तर नभोवाणीवरील मालिकेतून आला. अमर्याद बळाची गोष्ट रंगत नाही, हे दोन्हीकडच्या कथाकारांना कळले होते.

एकनाथांनी (निधन १५९९) भावार्थ रामायणात या बळाचा उगमच रामाकडे वळवला. त्यांचा हनुमान कौपीन, म्हणजे लंगोटी, नेसूनच जन्मतो आणि ती ओळखणारा तोच त्याचा स्वामी ठरतो. नामाने बळ येते, म्हणून त्याला शापाची गरज उरत नाही. हे महाकाव्य युद्धकांडातच थांबले व पुढचा भाग शिष्य गावबा यांनी पूर्ण केला.

सतराव्या शतकात रामदासांनी मारुतीची जी स्तोत्रे रचली, त्यांत सूक्ष्म कणापासून विश्वव्यापी रूपापर्यंत वाढणारा देव दिसतो आणि त्याला अडवणारे काहीच नाही. ही उणीव नव्हे. स्तोत्र म्हणजे आवाहन. त्यात अडथळा असण्याचे कारण नाही, कारण म्हणणाऱ्याला रोग, भूतबाधा आणि भय यांपासून पूर्ण संरक्षण हवे असते. ग. दि. माडगूळकरांच्या गीतरामायणात (१९५५-५६) मात्र जांबवानाच्या तोंडी स्वतंत्र गीत आहे, आणि झाकलेल्या बळाची आठवण करून देणारा तो जुना प्रसंग त्यातून मराठी घराघरांत पुन्हा पोचला. या सगळ्या रूपांत उत्तरकांडातील शाप हीच कथेच्या दृष्टीने सर्वांत कुशल रचना आहे.